त्रेसष्ट आगाऊ कबरी

सन १९७१ मध्ये आमच्या तेर्नोवा बाल्का गावची काळी माती एक मीटर चाळीस सेंटीमीटर खोल होती. तशी नोंद जिल्हा कचेरीतल्या नकाशावर होती, नकाशावर गोल शिक्का होता आणि शिक्क्याखाली सही होती. मातीची खोली मोजायची नसते, मंजूर करायची असते, हे ज्ञान बाकीच्या जगाला बरंच उशिरा झालं. आमच्या युक्रेनच्या त्या कोपऱ्यात ते चेअरमनपासून बदकं राखणाऱ्या म्हातारीपर्यंत सर्वांना होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि सामुदायिक शेतीच्या कचेरीत टंकलेखिका होते. गावातला प्रत्येक ठराव, अहवाल आणि खुलासा माझ्या बोटांखालून गेला आहे. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही. तीन प्रतींत आहे.

आधी प्रगतीबद्दल सांगितलं पाहिजे. आमचे आजोबा-पणजोबा उताराला आडवं नांगरायचे, मध्ये गवताचे पट्टे सोडायचे आणि दर चार-पाच वर्षांनी जमिनीला विश्रांती द्यायचे. (जमिनीनं असं काय केलं होतं की तिला विश्रांती लागावी, हे त्यांना सांगता आलं नसतं.) आमचे चेअरमन ओनिसिम प्रोकोपोविच यांनी हा आळस मोडून काढला. बिटाच्या ओळी त्यांनी रस्त्यापासून थेट नदीपर्यंत, उताराच्या दिशेनं, सुतात घालायला लावल्या. कारण शास्त्रीय होतं. आडव्या ओळींपैकी जिल्ह्याच्या साहेबांच्या मोटारीतून फक्त पहिली दिसते. उभ्या घातल्या की एकूण एक ओळ नदीपर्यंत दिसते. त्या वर्षी तीन वेळा मोटार आली आणि तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "वा!"

पावसालाही ही सोय आवडली. तो आता वाट न चुकता खाली जाऊ लागला आणि जाताना रिकाम्या हातानं जात नसे. मी लहान असताना गावच्या तळ्यात बुडी मारली तर तळाला पाय लागत नसे. पाण्यातून डोकं वर काढलं की आई काठावरून शिव्या देत असे आणि त्या शिव्या पाण्यावरून फार गोड ऐकू येत. १९७१ साली त्याच तळ्यातून बदकं पोट न भिजवता चालत पलीकडे जात होती. म्हणजे माती वाया गेली असं नव्हे. ती शेतीच्या हद्दीतच होती, फक्त शेतात नव्हती.

माती जसजशी गेली तसतसं खत आलं. पांढऱ्या मिठासारख्या खताचे डोंगर शेताच्या बांधावर उघड्यावर उभे राहिले आणि अमोनियाच्या पाण्याच्या टाक्या आल्या. खत टाकण्यात आमचा जिल्ह्यात पहिला नंबर होता, उद्दिष्टाच्या एकशे बारा टक्के. पिकाला जेवढं हवं तेवढं पिकानं घेतलं. उरलेलं पावसाबरोबर जमिनीत उतरून विहिरींत गेलं. गावात एकेचाळीस विहिरी होत्या. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेनं तपासल्या तेव्हा चाळीस विहिरींत नायट्रेट सापडलं आणि एकीत सापडलं नाही. या एका विहिरीबद्दल प्रयोगशाळेनं आमच्याकडे लेखी खुलासा मागितला.

ती विहीर टेकडीवर होती. टेकडीच्या माथ्यावर चार हेक्टर रान होतं, जमीनदाराच्या काळापासून स्मशानासाठी राखून ठेवलेलं. तिथं कधी नांगर गेला नव्हता. गुडघाभर गवत, वाऱ्यावर चांदीसारखं हलणारं. रानाच्या खालच्या कडेला विहीर, आणि विहिरीच्या खाली उतारावर कबरी. थोडक्यात, त्या जमिनीकडे अजून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, म्हणून ती बरी होती.

आता तिमिशबद्दल. माझी मैत्रीण मेलाश्का हिला फेब्रुवारीत मुलगा झाला आणि मी त्याची धर्ममाता झाले. (बाप्तिस्मा मेलाश्काच्या स्वयंपाकघरात, पडदा ओढून झाला. धर्म संपला आहे हे मान्य असल्यामुळे सगळेच पडदा ओढत. चेअरमनसाहेबांच्याही चारही मुलांच्या वेळी तोच पडदा उसना गेला होता.) तेव्हापासून आम्ही एकमेकींना 'कुमा' म्हणत असू, आमच्याकडे आईचं आणि धर्ममातेचं हेच नातं. मेलाश्काला दूध नव्हतं. ती दुकानातली दुधाची पूड परसातल्या विहिरीच्या पाण्यात कालवून बाटलीनं पाजायची. मे महिन्यात तिमिशचे ओठ निळे पडले, मग नखं.

आम्ही जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीला कळवलं. सात दिवसांनी उत्तर आलं: पाणी वीस मिनिटं उकळावं. मेलाश्कानं उकळलं. उकळलं की पाणी कमी होतं आणि त्यात जे विरघळलेलं असतं ते सगळं मागे राहतं. पोर आणखी निळं झालं. आम्ही परत कळवलं. उत्तर आलं: चाळीस मिनिटं उकळावं.

शेवटी गावच्या दवाखान्यातल्या बाईंनी पोराला पाहिलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "टेकडीवरच्या विहिरीचं पाणी दे. आणि मी सांगितलं असं बोलू नकोस, मला अजून नऊ वर्षं नोकरी आहे."

चार दिवसांत तिमिश गुलाबी झाला. तेव्हापासून मेलाश्का रोज कावड घेऊन टेकडी चढू लागली, आणि तिला बघून बाटलीवरचं पोर असलेल्या आणखी सहा बायका. आमच्या या गोष्टीत पणाला लागलेली गोष्ट म्हणाल तर एवढीच: एक विहीर.

जूनमध्ये राजधानीहून पत्र आलं. तिथल्या प्रदर्शनात जगातल्या सर्वोत्तम मातीचा विभाग होणार होता. त्यासाठी आमच्या शेतातला, नैसर्गिक स्थितीतला, दीड मीटर उंचीचा मातीचा उभा काप लाकडी पेटीत बसवून पाठवायचा होता. चेअरमननी समिती नेमली. समितीत ते स्वतः, कृषितज्ज्ञ लेओन्ती साविच आणि इतिवृत्तासाठी मी. लेओन्ती साविच भला माणूस. आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणालेला नव्हता, त्यामुळे त्याला पोटदुखी होती.

चार नंबरच्या शेतात खड्डा खणला. बेचाळीस सेंटीमीटरवर काळं संपलं आणि खाली पिवळी चिकणमाती लागली.

"काठी खराब आहे," चेअरमन म्हणाले.

दुसरी काठी आणली. बेचाळीस.

"शेत खराब आहे."

सहा नंबरला अडतीस निघालं. नऊ नंबरला एकतीस, आणि त्यात ट्रॅक्टरचा एक बोल्ट. लेओन्ती साविच खड्ड्यातूनच म्हणाला, "ओनिसिम प्रोकोपोविच, उरलेलं तळ्यात आहे."

"तळ्यात किती आहे?"

"दोन मीटर."

"मग तिथं खणा!"

तिथला काप पेटीत नीट बसला, पण त्याला बदकांचा वास येत होता. इतिवृत्तात मी लिहिलं ते असं: 'सदरहू माती एक मीटर चाळीस सेंटीमीटरच असून ती तूर्त जागेवर हजर नाही.'

आमची ही फिरती मोजणी पार्खोम पाहत होता. पार्खोम म्हणजे गावचा कबरी खणणारा. चेहऱ्यावर कायम अशी सुरकुती की हसतोय की ऊन लागतंय ते कळू नये.

"कुणाला पुरायचंय का?" त्यानं विचारलं. "एवढ्याशा खड्ड्यात मांजर मावेल."

"पार्खोम, तू तुझं काम कर," चेअरमन म्हणाले.

"तेच तर. माझ्या कामात छातीपर्यंत काळं लागतं. पिवळं दिसलं की मी थांबतो. चाळीस वर्षं असंच मापतोय, अजून कुणी तक्रार केली नाही."

अशा रीतीनं समिती टेकडीवर गेली. इथं एक अडचण आली. आमच्याकडे माणूस जिवंत असतानाच आपली जागा धरून ठेवतो. नवरा गेला की बायको त्याच्या शेजारची जागा राखते, बाक टाकते आणि रविवारी तिथं बसून त्याला आठवड्याभराच्या बातम्या सांगते. मोकळं दिसणारं माथ्यावरचं ते रानही तसं मोकळं नव्हतं. कुणाची जागा कुठं ते गावाला तोंडपाठ होतं. खणायला सोयीची होती एकच जागा, रानाच्या कडेला, आणि ती होती चेअरमनच्या आईची, नवऱ्याच्या कबरीला लागून. येव्हा आजी आधीच बाकावर बसल्या होत्या, सूर्यफुलाच्या बिया सोलत.

"आई, जरा तुझी जागा खणायची आहे."

"एवढी घाई?"

"अगं, प्रदर्शनासाठी. राजधानीत जाईल."

"मी?"

"माती!"

आजींनी बियांची टरफलं पदरात झटकली. "माझ्या अंगावर पडायची माती लोकांना दाखवणार. बरं. खण. पण खड्डा बुजवू नकोस हो, पार्खोमची कंबर दुखते. आयता उपयोगी पडेल."

एक मीटर चाळीस. शिक्क्याशी तंतोतंत जुळलं. वरून खाली एकसारखी काळी, मऊ, गवताच्या मुळांनी विणलेली माती. हातात घेतली तर ताज्या पावासारखी फुटायची. लेओन्ती साविच खड्ड्यातून बराच वेळ वर आला नाही. वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धूळ गेली, म्हणाला. धूळ नव्हती.

ऑगस्टमध्ये त्या कापाला पहिल्या श्रेणीचं मानपत्र मिळालं. पेटीवर पाटी होती: 'तेर्नोवा बाल्का, बिटाचं शेत क्रमांक चार.' परदेशी पाहुण्यांनी काचेवर हात ठेवले. (तिथं तशी नोंद आहे: एका दिवसात दोनशे सहा हात.) मग जिल्ह्यानं जे निष्कर्ष काढले ते इतके सरळ होते की त्यात चूक काढणं अवघड आहे:

माती दीड मीटर खोल असताना बिटाचं पीक एवढंच का, याचा खुलासा व्हावा.

माती वाहून जाते अशी अफवा पसरवणाऱ्यांचा बंदोबस्त व्हावा.

खत दीडपट करावं, कारण एवढ्या खोल मातीला आहे तेवढं पुरणार नाही.

आणि ज्या अर्थी टेकडीवरच्या चार हेक्टरांत इतकी सुपीकता पडून आहे (हे मात्र त्यांना बरोबर माहीत होतं), त्या अर्थी ते रान सात नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाच्या उत्सवानंतर लगेच नांगरून, अमोनियाचं दुप्पट पाणी देऊन बिटाखाली आणावं.

हा ठराव मी टंकित केला. 'दुप्पट' या शब्दाशी माझी बोटं थांबली. मी तशीच लेओन्ती साविचकडे गेले.

"ते पाणी खाली विहिरीत उतरेल ना?"

"उतरेल."

"किती दिवसांत?"

"वसंतात बर्फ वितळलं की." तो खिडकीबाहेर बघत होता. "वेक्ला, माझ्याकडे वरचे तीस सेंटीमीटर आहेत. त्याखालचं आरोग्य खात्याकडे जातं."

"आणि आरोग्य खातं काय म्हणतं?"

"उकळा."

मी घरी न जाता मेलाश्काकडे गेले. ती तिमिशला मांडीवर घेऊन बाटली पाजत होती. मी सांगितलं. ती रडली नाही. बाटली संपवली, मग म्हणाली, "कुमा, हे धर," आणि पोर माझ्या हातात देऊन पार्खोमकडे निघून गेली. परत आली ती नियम घेऊन. ज्या जागेवर कबर आहे तिथं वीस वर्षं नांगर घालता येत नाही. पार्खोमला एवढा एकच कायदा येत होता, पण तो त्याला अंकांसह येत होता.

"पण त्या रानात कबर कुठं आहे? सगळ्या तर खालच्या उतारावर," मी विचारलं.

"तीच तर उणीव आहे," मेलाश्का म्हणाली.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला शनिवार होता, दिमित्रीचा शनिवार, मृतांच्या आठवणीचा. दरवर्षी त्या दिवशी सगळं गाव टेकडीवर जातं, त्यामुळे त्या वर्षीही गेलं यात कुणाला काही दिसलं नाही. चेअरमन उत्सवाच्या तयारीसाठी जिल्ह्याला गेले होते. लोकांनी पाव, उकडलेली अंडी आणि बाटल्या नेल्या. शिवाय फावडी, लाकडी क्रूस आणि नावं लिहायला रंगवलेले पत्रे.

"इथली माती उकरायची नाही," पार्खोमनं बजावलं. "एक ढेकूळ नाही! माती खालून आणा."

म्हणून उंचवट्यांसाठी तळ्यातला गाळ आला, घोडागाड्यांनी, चढावर. आमच्या शेतातून वाहून गेलेली माती परत वर चढल्याचं हे एकमेव उदाहरण असून त्यासाठी आमच्या शेतीला कोणतंही मानपत्र मिळालेलं नाही.

दिवसभरात त्रेसष्ट कबरी झाल्या. प्रत्येकीवर नाव, जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. काम उत्साहात झालं, किरकोळ तंटे सोडून.

"मी तुझ्याशेजारी झोपणार नाही," सुताराची बायको नवऱ्याला म्हणाली. "एकतीस वर्षं घोरणं ऐकलं."

"तिथं घोरणार नाही."

"तुझा काय भरवसा!"

शाळेच्या हेडमास्तरांनी आपल्या पत्र्यावर पदवी लिहायला लावली. दुकानदारीणबाईंनी जन्मसाल सहा वर्षांनी पुढे ढकललं. ज्याला ते रान नांगरायचं होतं तो ट्रॅक्टरवाला आपल्या उंचवट्यावर आडवा पडून लांबी बघत होता. "पाय बाहेर राहतात," तो म्हणाला.

मंगळवारी तो ट्रॅक्टर घेऊन टेकडीवर गेला आणि अर्ध्या तासात कचेरीत परत आला.

"नांगरलंस?" चेअरमननी विचारलं.

"नाही. मधे मी आहे."

चेअरमनना काही कळायच्या आत फोन वाजला. जिल्ह्याच्या सांख्यिकी विभागातून होता. ज्या मोटारीतल्या साहेबांना उभ्या ओळी आवडत, त्यांनी जाता जाता टेकडी पाहिली होती.

"तुमच्याकडे तीन दिवसांत त्रेसष्ट माणसं मेली काय? साथ आहे का?"

"साथ नाही," चेअरमन म्हणाले.

"मग जिवंत आहेत?"

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मी टंकयंत्राकडे पाहिलं. पेच खरोखर गंभीर होता. माणसं मेलेली असतील तर बिटाच्या उरलेल्या काढणीला हात कुठून आणायचे? आणि जिवंत असतील तर राज्याच्या नांगरणीत अडथळा आणल्याबद्दल त्रेसष्ट जणांवर कारवाई, म्हणजे परत काढणीला हात नाहीत.

"चौकशी करून कळवतो," ते म्हणाले आणि टेकडीवर गेले. मी वही घेऊन मागे.

ते ओळीओळीनं चालले, प्रत्येक पत्रा वाचत. काहींवर हसले, एकावर थुंकले. मग आपल्या वडिलांच्या कबरीपाशी आले. डाव्या बाजूला जूनमधला आईचा खड्डा होता, फळ्या टाकून झाकलेला. उजव्या बाजूला नवा उंचवटा. पत्र्यावर होतं: ओनिसिम प्रोकोपोविच श्कुरुपिय, १९१९, आणि रेघ. हात लावला तर रंग अजून ओला होता.

येव्हा आजी बाकावरच होत्या.

"आई, हे काय?"

"बापाच्या उजवीकडे. नंतर जागा मिळत नाही, सगळे टपलेले असतात."

"मी इथं बीट लावणार आहे!"

"लाव की. मग वसंतात येऊन तुला खुरपत बसेन."

"आई, हा सरकारी ठराव आहे."

"तू सहा महिन्यांचा असताना असाच निळा पडला होतास," आजी म्हणाल्या. "घशानं. या विहिरीचं पाणी कोमट करून चमच्यानं पाजलं तुला. तेव्हा ठराव नव्हता, नाहीतर विचारूनच पाजलं असतं."

चेअरमननी बोटाला लागलेला रंग पुसला. त्यांना काय वाटलं हे इतिवृत्तात नाही. मला विचाराल तर त्यांना आईचं पटलं असं नव्हे. पत्र्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं, आणि नावावरून नांगर जाऊ देणं हे पदाला शोभलं नसतं.

त्यांनी मला तिथंच मजकूर सांगितला: 'सदरहू क्षेत्राची पाहणी केली असता ते पूर्णतः व्यापलेलं आढळून आलं. व्यापणारे तूर्त कामावर असून काढणी वेळेत पूर्ण करतील.' जिल्ह्याला दुसरं वाक्य आवडलं. ठराव मागे घेण्यात आला. संध्याकाळी येव्हा आजींनी सगळ्यांना वारेनिकी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, खायला घातल्या, वर आंबट साय.

पुढे कोणाचं काय झालं ते सांगते.

ओनिसिम प्रोकोपोविच १९८३ मध्ये गेले आणि बापाच्या उजवीकडे झोपले. पत्र्यावर फक्त एक साल रंगवावं लागलं. येव्हा आजी त्यांच्यानंतर आठ वर्षं जगल्या आणि मुलगा आधी गेल्याबद्दल रोज त्याला बोलत. लेओन्ती साविचला कृषिसंशोधन संस्थेत मोठी जागा मिळाली. 'शेत क्रमांक चारच्या मातीचा उभा काप' या विषयावर त्यानं तीनशे पानी प्रबंध लिहिला. पोटदुखी शेवटपर्यंत राहिली. पार्खोम गेला तेव्हा त्याची कबर खणायला नवा माणूस आला आणि काळं संपेना म्हणून दोनदा दम खात बसला. मेलाश्का शहरात मुलीकडे आहे, आम्ही फोनवर भांडतो. तिमिश दोन मीटर उंच झाला. तो खतं विकतो. आमच्या तालुक्यात त्याच्याएवढा माल कुणाचाच खपत नाही, आणि त्याच्या गाडीत पिण्याच्या पाण्याचा एक मोठा डबा असतो, टेकडीवरून भरलेला. मातीचा काप अजून संग्रहालयात आहे, शेत क्रमांक चार म्हणून. मी आहे.

विहीरही आहे. पाणी चांगलं आहे.

हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल: पोर वाचलं, विहीर वाचली. आम्हालाही वाटलं होतं. वारेनिकी खाऊन आम्ही घरोघरी गेलो, सकाळी उठलो, आपापल्या परसातल्या विहिरीचं पाणी प्यालो आणि उरलेल्या शेतांत, त्याच उभ्या ओळींत, दीडपट खत टाकायला गेलो. ते नदीनं खाली नेलं. खाली एक शहर आहे, तिथंही बाटलीवरची पोरं असणार. त्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती, म्हणून आम्ही विचारलं नाही. एवढ्या वेळात तुम्हीही विचारलं नाहीत. या, बसा. आम्ही तुमच्यासाठी जागा करतो.